पाण्याचा हिशेब : भरली ढोबळी मिरची आणि तिची सारणं

[दृश्य : ओट्यावर परडी. हिरव्या ढोबळ्या मिरच्या, काही बुटक्या, काही लांबट. एक हात निवड करतो आहे.]

भरली ढोबळी मिरची बिघडते ती मसाल्यापेक्षा पाण्यामुळे. मिरचीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. म्हणजे अर्धा किलो मिरच्या कढईत ठेवल्या, की त्यात साडेचारशे ग्रॅमच्या वर नुसतं पाणी. ते शिजताना थोडं वाफेबरोबर जातं, थोडं कढईच्या तळाशी उतरतं आणि थोडं आत सारणात मुरतं. सारण हे पाणी पिणारं आहे की स्वतःच पाणी सोडणारं, एवढं आधी ठरवा. मिरची कशी चिरायची, किती भरायची, झाकण कधी काढायचं, ते त्यावरून ठरतं.

आधी मिरची निवडू. बेसनाच्या सारणासाठी लहान मिरच्या हव्यात, अर्ध्या किलोत आठ बसतील इतक्या. मोठी मिरची बाहेरून शिजेपर्यंत आतलं पीठ कोरडंच राहतं. देठ हिरवा आणि ताठ हवा. साल ताणलेली हवी, सुरकुतलेली नको. बोटाने दाबल्यावर खळगा पडला तर ती मिरची भरायला घेऊ नका, तिची परतून भाजी करा. बुडाला चार फुगवटे असलेली मिरची कढईत नीट उभी राहते, तीन फुगवट्यांची कलंडते. तीन फुगवट्यांची मिरची नर आणि चारांची मादी, हे मोबाइलवर फिरणारं ज्ञान सोडून द्या. फळात नर-मादी नसतं, बिया दोन्हींत असतात.

[दृश्य : हिरवी, पिवळी आणि लाल मिरची शेजारी-शेजारी. उभा छेद. भिंतीची जाडी दिसते.]

हिरवी मिरची म्हणजे न पिकलेलं फळ. तेच झाडावर पिकू दिलं की जातीप्रमाणे लाल किंवा पिवळं होतं. पिकलेली मिरची गोड लागते, तिची भिंतही जाड आणि रसाळ असते. शेडनेटमधली रंगीत मिरची दीडशे-दोनशे ग्रॅमची सहज भरते. ती भातासाठी किंवा खिम्यासाठी, ओव्हनमध्ये ठेवायला चांगली. दाणे-गुळाच्या सारणाला मात्र हिरवीच हवी. तिच्यातला किंचित कडवटपणा गुळाला धरून ठेवतो. लाल मिरचीत तेच सारण भरलं तर गोडावर गोड होतं.

[दृश्य : चिरण्याच्या तीन पद्धती, वरून घेतलेलं चित्रण.]

चिरायच्या पद्धती तीन. पहिली, देठाकडून गोल टोपी कापून आतला गर काढायचा. भात आणि खिमा यांना हीच. दुसरी, देठ तसाच ठेवून एका बाजूने उभी चीर द्यायची, देठाखाली एक बोट अंतर सोडून थांबायचं आणि चिरेतून बिया काढायच्या. बेसनाच्या सारणाला ही. देठ राहिल्यामुळे मिरची उलटताना धरता येते. भरल्या वांग्यासारखी अधिक चिन्हाची चीर देऊ नका. ढोबळी मिरचीची भिंत वांग्याच्या गरासारखी सारण कवटाळून बसत नाही, चारही पाकळ्या उघडतात आणि अर्धं सारण तेलात जातं. तिसरी पद्धत, उभे दोन भाग करायचे. बटाटा आणि पनीर यांना ती बरी.

कशीही चिरली तरी आतल्या पांढऱ्या शिरा काढाच. त्या कडवट असतात आणि जागाही अडवतात. बिया निघाल्या की आतून चिमूटभर मीठ चोळून मिरची दहा मिनिटं पालथी घाला. मिठाने थोडं पाणी सुटतं. ते झटकून आतून कापडाने कोरडं करा. नुसत्या सारणातच मीठ घातलं तर भिंत अळणी लागते.

[दृश्य : जाड बुडाची कढई, मंद आंच. बेसनाचा रंग बदलताना जवळून.]

आता महाराष्ट्रातल्या घरांतलं नेहमीचं सारण, बेसन आणि दाण्याचं. आठ लहान मिरच्यांना दीडशे मिलिलिटरच्या वाटीने एक वाटी बेसन, पाऊण वाटी दाण्याचं कूट, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं आणि दोन मोठे चमचे तीळ. मसाल्यात दोन छोटे चमचे गोडा मसाला, दीड छोटा चमचा लाल तिखट, अर्धा चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि एक सपाट छोटा चमचा मीठ. एक मोठा चमचा चिरलेला गूळ, तेवढाच चिंचेचा दाट कोळ आणि मूठभर कोथिंबीर.

बेसन दोन मोठे चमचे तेलावर मंद आंचेवर सात-आठ मिनिटं भाजायचं. घाई इथे अजिबात चालत नाही. वास खमंग यायला हवा, रंग एक छटा गडद व्हायला हवा. कच्चं राहिलं तर मिरचीच्या आत ते पुरतं शिजत नाही, टाळूला चिकटतं आणि कच्चट चव शेवटपर्यंत जात नाही. आतच शिजेल म्हणून मिरची जास्त वेळ ठेवली, तर सारण तसंच आणि मिरचीचा मात्र लगदा. खोबरं आणि तीळ वेगवेगळे भाजा. तीळ तडतडायला लागले की लगेच उतरवा, एका मिनिटात कडू होतात.

सगळं एकत्र करून तीन-चार चमचे पाण्याचा हबका मारा. मुठीत दाबल्यावर मुटका वळावा आणि बोटाने टोचल्यावर तो फुटावा, तेव्हा ओल बरोबर. मुटका वळतच नसेल तर खाताना तोठरा बसणार. टोचल्यावर फुटण्याऐवजी खळगा पडला तर पाणी जास्त झालं. एक चमचा कूट घालून सुधारता येतं, बेसन घालून नाही. ते पुन्हा कच्चंच राहील.

मिरची तीन-चतुर्थांशच भरा. बेसन मिरचीचं पाणी पिऊन फुगतं. काठोकाठ दाबून भरलं की भिंत उभी तडकते, आणि ती बहुतेक वेळा उलटताना तडकते. दोरा बांधायची गरज पडत असेल तर सारण जास्त झालंय असं समजा.

[दृश्य : पसरट कढई. मोहरी तडतडते. मिरच्या एकेक करून ठेवल्या जातात. झाकणात पाणी ओततात.]

पसरट कढईत तीन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद. मिरच्या एका थरात, चीर वरच्या बाजूला. खोलगट झाकणात वाटीभर पाणी ठेवून मंद आंचेवर सहा-सात मिनिटं. झाकण थंड राहतं, वाफ त्याला लागून थेंब होऊन खाली पडते, म्हणून कढईत वेगळं पाणी घालायचं नाही. फार तर दोन चमचे, तेही तळ धरू लागला तरच. मग मिरच्या अलगद उलटून आणखी पाच-सहा मिनिटं. त्यानंतर झाकण काढायचं आणि आंच थोडी वाढवून तीन-चार मिनिटं खरपूस करायच्या. शेवटची ही उघडी मिनिटं टाळली, तर भिंतीतलं पाणी वाफ होऊन जात नाही आणि पंगतीत ताटभर पाणी सुटतं. साल ठिकठिकाणी तपकिरी आणि सुरकुतलेली दिसली, सुरी अडखळत न जाता पण किंचित प्रतिकार करत गेली, की उतरवा.

हिरवा रंग थोडा शेवाळी होणारच. मिरचीतली आम्लं उष्णतेत मोकळी होतात आणि हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. झाकण जितका वेळ, तितका रंग मंद. चिंचेचा कोळ सारणातच ठेवा, कढईत ओतू नका, म्हणजे रंग थोडा जास्त टिकतो. त्यासाठी खाण्याचा सोडा घालण्याचा सल्ला मिळतो. रंग राहतो खरा, पण साल गिळगिळीत होते. सौदा घाट्याचा.

[दृश्य : उकडलेले बटाटे ताटात पसरलेले, वाफ निघते आहे.]

बटाट्याच्या सारणाचा हिशेब उलटा. बटाटा आधीच शिजलेला, तो फुगत नाही आणि नवीन पाणीही फारसं पीत नाही. म्हणून इथे मिरची काठोकाठ भरायची. मध्यम पाच मिरच्यांच्या दहा अर्ध्या भागांना चारशे ग्रॅम बटाटे आणि अर्धी वाटी वाफवलेला मटार. बटाटे सालासकट, न चिरता उकडा. चिरून उकडले की पाणी आत शिरतं. सोलून पसरून पूर्ण गार करा, मग हाताने मोडा. मिक्सरमध्ये फिरवले की चिकट खळ होते. फोडणीत जिरं, आलं-मिरची, हळद, लिंबू. सारण ओलं वाटलं तर दोन चमचे पोह्यांचा चुरा.

शिजवायची आहे ती फक्त मिरची. भरलेलं तोंड बारीक रव्यात दाबा आणि तव्यावर तोंड खाली करून मध्यम आंचेवर चार मिनिटं, मग सालाची बाजू झाकून सहा-सात मिनिटं. आधी साल आणि नंतर तोंड असा क्रम लावला तर साल मऊ पडल्यावर उलटताना भाग दुमडतो. एअर फ्रायर असेल तर 170 अंशांवर बारा ते चौदा मिनिटं पुरतात.

पनीरचंही असंच, फक्त मीठ अगदी भरताना घाला. आधी घातलं की दहा मिनिटांत भांड्यात पाणी. दोनशे ग्रॅम पनीरला एक मोठा चमचा भाजलेलं बेसन पुरतं. पनीर आंबट घालून फाडलेलं असल्यामुळे चीजसारखं वितळत नाही, जास्त शिजवलं की रबरी होतं.

[दृश्य : खिमा परतताना, कडेला सुटलेलं तेल.]

खिमा कच्चा भरू नये, हे ठामपणे सांगायला हवं. मिरची पंधरा मिनिटांत होते, मटणाला तेवढ्यात काहीच होत नाही. शिवाय खिमा शिजताना पाणी आणि चरबी दोन्ही सोडतो, आणि ते साठायला मिरचीची वाटी आयतीच असते. शंभर ग्रॅमच्या सहा मिरच्यांना चारशे ग्रॅम खिमा, दोन कांदे, एक मोठा चमचा आलं-लसूण, एक टोमॅटो, गरम मसाला. पंचवीस-तीस मिनिटं शिजवून, शेवटी झाकण काढून पूर्ण कोरडा करा. कढई तिरकी धरली तर फक्त तेल वाहावं, रस नाही. मग दोन चमचे फुटाण्याच्या डाळ्यांची पूड. ती उरलीसुरली ओल धरते आणि सारण कापताना विस्कटत नाही. गार झाल्यावरच भरा. गरम खिम्याची वाफ मिरचीला आतून आधीच मऊ करते.

ओव्हन असेल तर मोठ्या रंगीत मिरच्या उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून, पालथ्या निथळून भरा. 190 अंशांवर पंचवीस मिनिटं फॉइलखाली, दहा मिनिटं उघड्या. वर किसलेल्या चीजचा थर घालायची पद्धत आहे. घालायचाच तर शेवटच्या दहा मिनिटांत, आणि पातळ. जाड थराखाली वाफ कोंडते.

कोलंबी भरायची तर बारीक घ्या आणि मोठ्या आंचेवर दोन-तीन मिनिटं परतून पाणी आटवा. मिरचीत ती दुसऱ्यांदा शिजते, म्हणून पहिल्यांदा किंचित कमीच ठेवायची.

[दृश्य : खोल पातेल्यात खेटून उभ्या केलेल्या मिरच्या, प्रत्येकीवर टोमॅटोची चकती.]

पाण्याचा सगळ्यात मोठा खेळ तांदळाच्या सारणात आहे, आणि तो तुर्कस्तानात फार नीट बसवलेला आहे. बिबेर डोल्मासी, म्हणजे भरलेली मिरची, तिथे दोन तऱ्हेची. मांस घातलेली गरम खातात, वर दही. ऑलिव्ह तेलातली बिनमांसाची मात्र गार करून. कारण साधं आहे : मांसाची चरबी गार झाली की थिजते आणि तोंडात मेणचट लागते, ऑलिव्ह तेल पातळच राहतं. डोल्मा, म्हणजे सारण भरलेली भाजी किंवा पानं, तुर्कस्तानाबाहेर कॉकेशसमध्येही, काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामधल्या भागात, घरोघर होतो. अझरबैजानची डोल्मा करण्या-वाटण्याची परंपरा 2017 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

ऑलिव्ह तेलातल्या सारणात भरपूर कांदा तेलावर मऊ करतात. त्यात चिलगोजे, बारीक काळे मनुके, सुका पुदिना, दालचिनी, मिरी, चिमूटभर साखर आणि तांदूळ. तांदूळ पाच मिनिटं परतून अर्धाकच्चाच ठेवतात. आपल्याकडे हे करताना बासमती घेऊ नका, मोकळा भात मिरचीत कोरडा लागतो. इंद्रायणी किंवा आंबेमोहर घ्या. ऐंशी ग्रॅमच्या एका मिरचीमागे जेमतेम दीड मोठा चमचा कच्चा तांदूळ. तो शिजून तिप्पट होतो, म्हणून सारण दोन-तृतीयांशच भरायचं, आणि सैल. दाबलं तर मधले दाणे टणक राहतात.

पातेलं असं निवडा की मिरच्या एकमेकींना खेटून उभ्या राहतील. पाणी मिरचीच्या निम्म्या उंचीपर्यंत, किंचित मीठ घालून, आणि कडेने ओतायचं. मिरच्यांवर एक ताटली पालथी घाला, म्हणजे उकळीने त्या हलत नाहीत. मंद आंचेवर पस्तीस ते चाळीस मिनिटं. इथे मिरचीचं स्वतःचं पाणी तांदळाला पुरत नाही, म्हणून भिंत पूर्ण मऊ होऊ द्यावी लागते. भाजीसारखी करकरीत मिरची आणि शिजलेला भात, दोन्ही एकदम मिळणार नाही.

हंगेरीत भरलेली मिरची टोमॅटोच्या गोडसर रसात शिजवतात, आत कच्चं मांस आणि तांदूळ. तासभर शिजूनही तिचा चिखल होत नाही, कारण टोमॅटोच्या आंबटपणात भिंतीतलं पेक्टिन, म्हणजे तिच्या पेशी जोडून ठेवणारं द्रव्य, सावकाश विरघळतं. हाच नियम आपल्या टोमॅटोच्या रश्शातल्या भरल्या मिरचीला लागू आहे. मिरची मऊ होईना म्हणून पुन्हा पुन्हा पाणी घातलं, तर रस्सा तेवढा पांचट होतो. मिरच्या आधी तेलावर पाच मिनिटं झाकून अर्ध्या शिजवा आणि मग रश्शात सोडा.

[दृश्य : फ्रीजमध्ये ठेवलेला डबा. दुसऱ्या दिवशीचा तवा.]

बेसनाची भरली मिरची दुसऱ्या दिवशी डब्यात चांगली लागते. रात्रभरात सारण भिंतीतलं पाणी पिऊन सारखं होतं. तव्यावर उघडीच गरम करा. बटाट्याची मात्र त्याच दिवशी संपवा, रव्याचं कवच सकाळपर्यंत ओलं होतं. खिम्याची फ्रीजमध्ये दोन दिवस, गरम करताना मधोमध वाफ येईपर्यंत.

आणि बेसनाचं सारण उरलंच, तर कांदा तेलावर परतून त्यात घाला, वरून गरम पाण्याचा हबका मारून पाच मिनिटं झाका. भाकरीबरोबर कोरडा झुणका तयार होतो. कापलेल्या देठाच्या टोप्यांचा गरही बारीक चिरून त्यातच टाका, देठ तेवढे काढून.