मॅनेजर न होता वर जाता येतं का?

नमस्कार मंडळी! हिंजवडी असो, खराडी असो की ऐरोली, सॉफ्टवेअरमध्ये आठ-दहा वर्षं झाली की नातेवाईक विचारायला लागतात, "मग, हाताखाली किती माणसं आहेत?" या दडपणापोटी कितीतरी हाडाचे इंजिनिअर मॅनेजर होतात. कोड सुटतो, आणि दिवस जातो रजा, एस्टिमेट आणि अप्रेझलमध्ये. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण दुसरी वाट आहे आणि ती बरीच जुनी आहे.

आयबीएमने १९६३ साली पहिले 'फेलो' नेमले. तांत्रिक कामासाठीचा कंपनीतला सर्वोच्च मान. गूगलमध्ये सीनियर इंजिनिअरच्या वर स्टाफ, प्रिन्सिपल, डिस्टिंग्विश्ड, फेलो अशा पायऱ्या आहेत.

पण स्टाफ इंजिनिअर करतो काय? जास्त वेगाने कोड लिहितो? नाही. हे बघा.

ॲप एका सर्व्हिसला (म्हणजे मागे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) विचारतं, ती दुसरीला, दुसरी डेटाबेसला. तिन्ही टीमनी चांगल्या हेतूने ठरवलंय की उत्तर आलं नाही तर एकूण तीन वेळा प्रयत्न करायचा. आता डेटाबेस अडखळला. तीन गुणिले तीन गुणिले तीन. युजरच्या एका क्लिकपोटी आधीच दमलेल्या डेटाबेसवर २७ कॉल! प्रत्येक टीमचा कोड आपापल्या जागी बरोबर आहे, कोड रिव्ह्यूमध्ये कुणीच तो अडवला नसता. ज्याला हे सगळं एकत्र दिसतं, तो तिन्ही टीमना एका टेबलाशी बसवतो, रिट्राय, म्हणजे पुन्हा प्रयत्न, एकाच थरात ठेवायचा हे पटवून देतो, काय आणि का बदलायचं ते मांडणारं दोन पानांचं डिझाइन डॉक लिहितो. त्यातला एकही जण त्याला रिपोर्ट करत नाही. हे स्टाफ लेव्हलचं काम, आणि ते आजच्या पदावर राहूनही सुरू करता येतं.

म्हणून मॅनेजर कमी महत्त्वाचा का? अजिबात नाही. २००२ मध्ये गूगलने इंजिनिअरिंगमधले मॅनेजर काढून पाहिले. काही महिन्यांत खर्चाची बिलं आणि आपसातली भांडणं थेट गूगलचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्यापर्यंत पोचू लागली, आणि प्रयोग गुंडाळावा लागला. पुढे गूगलच्याच 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' या अभ्यासात चांगल्या मॅनेजरचे आठ गुण निघाले. पहिला, माणसं घडवणं. तांत्रिक कौशल्य शेवटी! म्हणजे हा वेगळा पेशा आहे, चांगल्या कोडचं बक्षीस नव्हे.

आता तुमच्या कंपनीत तांत्रिक वाट खरी आहे की नुसती एचआरच्या पीपीटीत, हे तपासा. सर्व्हिस कंपन्यांत, म्हणजे क्लायंटसाठी काम करून माणसांच्या वेळेचं बिल लावणाऱ्या कंपन्यांत, गणित बऱ्याचदा पिरॅमिडचं असतं. खाली भरपूर फ्रेशर, वर मोजके महागडे लोक. तिथे पंधरा वर्षं अनुभवाच्या, फक्त कोड लिहिणाऱ्या माणसाचं बिलिंग क्लायंटच्या गळी उतरवणं अवघड, म्हणून वाट लवकर संपते. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रॉडक्ट कंपनीत ती सहसा लांब जाते. पण नावावर जाऊ नका. आर्किटेक्टची पाटी लावून आयुष्यभर प्रपोझलच्या स्लाइड बनवणारेही असतात. वरच्या तांत्रिक पदांवर आज कोण आहे, त्यांनी शेवटचं डिझाइन डॉक कधी लिहिलं आणि त्यांचा पे-बँड त्याच लेव्हलच्या मॅनेजरइतका आहे का, हे मॅनेजरसोबतच्या वन-ऑन-वन भेटीत स्पष्ट विचारा.

आणि मॅनेजरपदाची ऑफर आलीच, तर होकार देण्याआधी एक गोष्ट ईमेलवर लिहून घ्या: वर्षभरात मन रमलं नाही, तर याच लेव्हलवर इंजिनिअर म्हणून परत येता येईल का.