बॉक्स बदलला, बिघाड तिथेच

पत्रिकेत विषय छापलाय 'लष्करी उपकरणांसाठी देखभाल इंजिनिअर कसे घडवावेत'. होकार देताना सोपं वाटलं होतं, आता समोर एवढी जाणकार मंडळी बघून जरा घाम फुटलाय. तुमच्यातले बहुतेक याच धंद्यातले आहेत, त्यामुळे युनिट, फील्ड वर्कशॉप, डेपो ही दुरुस्तीची उतरंड समजावत बसत नाही. जे नुसते सोबतीला आलेत त्यांनी शेजाऱ्याला विचारावं, त्यालाही बरं वाटेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण पोरांना पार्ट बदलायला शिकवतो आणि बिघाड शोधायचं त्यांचं त्यांनी शिकावं म्हणून सोडून देतो. मशीन स्वतःच तपासणी करतं, स्क्रीनवर कोड येतो, कोडसमोर बॉक्सचा, म्हणजे बदलायच्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा, नंबर असतो, बॉक्स काढा, नवा लावा. लढाईच्या तोंडावर हेच बरोबर आहे, तिथे कोणी मल्टिमीटर घेऊन चिंतन करत बसू नये. पण कोर्स तिथेच संपतो ही माझी तक्रार आहे, आणि त्यासाठी एक किस्सा सांगतो. ज्यांनी तो आधी ऐकलाय त्यांनी मोबाईल बघितला तरी चालेल.

ट्रेलरवरचा डिझेल जनरेटर होता, रडारला वीज देणारा. सुरू केला की मस्त चालायचा, तासाभराने गपकन बंद. पॅनलवर कोड, ऑइल प्रेशर कमी. शेजारी साधा काट्याचा गेज होता त्याच्यावर प्रेशर एकदम बरोबर. मग सगळ्यांनी निष्कर्ष काढला की गेज खरा आणि इंजिन बंद करणारा कंट्रोलर खोटा, आणि खरं सांगतो, मीही तेच म्हटलं असतं. कंट्रोलरचं कार्ड काढलं, वर्कशॉपला पाठवलं. तिथे टेस्ट बेंचवर कार्ड ठणठणीत. त्याला टॅग बांधून परत, 'दोष आढळला नाही'. हा टॅग ज्याने शोधून काढला त्याला एकदा भेटायचंय मला! कारण ते कार्ड परत स्टोअरमध्ये जातं, दुसऱ्या जनरेटर सेटला लागतं, पहिल्या सेटला तिसरंच लागतं, सगळे कामात, सगळ्यांचे फॉर्म भरलेले, आणि जनरेटर तासाभराने बंद. लॉगबुक काढून बघितलं तर पानभर एकच ओळ, 'ट्रिप झाला (म्हणजे आपोआप बंद पडला), कार्ड बदललं'. खाली तीच. त्याखाली तीच. लोड किती होता, इंजिन किती तापलं होतं, कोणी लिहिलंच नाही कारण फॉर्मला तेवढा रकानाच नव्हता.

मग एक नवीन मुलगी आली ट्रेनिंगला. तिने विचारलं, "सर, हा गार असताना कधी बंद पडलाय का?" कोणालाच सांगता येईना. ती वही घेऊन सेटजवळ बसली, लोड टाकला, दर थोड्या वेळाने आकडे लिहीत राहिली. कधीतरी सेट बंद पडला तशी ती कार्डाकडे गेलीच नाही, ऑइल प्रेशर स्विचपासून वायर धरून हाताने मागे मागे येत गेली. इंजिन ब्लॉकच्या मागे एका क्लॅम्पपाशी बोटाला खरखर लागलं. आरशाने बघितलं तर क्लॅम्पच्या कडेने इन्सुलेशन घासून घासून नखाएवढी जागा उघडी, आत तांबं चकाकतंय. त्या सेटवर प्रेशर गेलं की स्विच ती वायर बॉडीला जोडतो. इंजिन तापून वायरची जुडी जरा ढिली झाली की उघडं तांबं स्वतःच बॉडीला टेकायचं, आणि कंट्रोलर बिचारा इमानदारीत इंजिन बंद करायचा. म्हणजे गेज खरा, कंट्रोलरही खरा! दोघांच्या मधली वायर बोंबलत होती आणि ती कुठल्याच स्पेअरच्या यादीत नव्हती. वायर दुरुस्त करून वर स्लीव्ह चढवली, क्लॅम्प थोडा सरकवला, झालं. मागे कोणीतरी हसतंय, म्हणजे तुमच्याकडेही असा एक सेट आहे.

दुसरी गोष्ट, हात लावण्याची हौस. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडची विमानं पाणबुड्या शोधत फिरायची. ती सारखी दुरुस्तीला का उभी असतात ते बघायला शास्त्रज्ञ बसवले, त्यात कॉनराड वॉडिंग्टन होते, मूळचे जीवशास्त्रज्ञ. त्यांनी बिघाडांची नोंद मांडली तर दिसलं की ठरलेल्या तपासणीनंतर लगेच बिघाड सर्वात जास्त, आणि मग उडता उडता कमी होत जातात. म्हणजे तपासणीच काही बिघाड घालत होती. मग तपासण्यांमधलं अंतर वाढवलं आणि उड्डाणाचे तास वाढले. पुढे 1978 मध्ये नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला, त्यातही हेच, की विमानाचे बहुतेक भाग ठरावीक वय झालं म्हणून बिघडत नाहीत, मग ठरावीक तासांनी उघडून काय मिळवणार. हे ऐकल्यावर कोणीतरी हमखास विचारतं की मग सर्व्हिसिंग बंद करायचं का. अहो नाही, तेल बदला, फिल्टर बदला, झिजणारं ते झिजणारच. कुठे हात लावायचा नाही हेही शिकवा, एवढंच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे 'कसे घडवावेत' आता घाईत उरकायचंय, माफ करा.

वर्गातल्या सेटमध्ये मुद्दाम बिघाड घाला, आणि तो वायरिंगमध्ये, कनेक्टरमध्ये, अर्थिंगमध्ये घाला, कार्डात नको. विद्यार्थी संभाव्य कारणं कागदावर मांडेपर्यंत स्पेअरचं कपाट बंद. परीक्षेत 'भाग कसा काढाल' याला निम्मे मार्क आणि 'हाच भाग का' याला निम्मे.

लिहायला शिकवा. 23 फेब्रुवारी 2008 ला ग्वामच्या अँडरसन तळावर अमेरिकेचं बी-2 बॉम्बर टेकऑफ घेता घेता पडलं. हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरमध्ये ओलावा होता, त्याच अवस्थेत कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचं माप जुळवणं, झालं, मग विमानाचा वेग आणि हवेशी असलेला कोन दोन्ही कॉम्प्युटरला चुकीचे गेले आणि त्याने नाक वर उचललं. दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन वाचले, विमान गेलं. कॅलिब्रेशनच्या आधी हीटर लावून ओलावा घालवायचा ही युक्ती काही लोकांना आधीपासून माहीत होती! ती अधिकृत पद्धतीत आलीच नाही, तोंडातोंडीच राहिली. म्हणून लॉगबुकची एक ओळ चांगली लिहिणं हा मी कोर्सचा विषय मानतो, त्याला मार्क द्या.

ठरलेल्या जोराने आवळणारा टॉर्क रेंच, बोल्ट सुटू नये म्हणून लॉक वायर, काम संपल्यावर हत्यारांची मोजणी, हे सगळं तुम्हाला पाठ आहे, फक्त पोरांकडून हात बसेपर्यंत करून घ्या, स्लाईडवर दाखवून भागत नाही.

शिकवणारे फील्डवरून आलेले हवेत आणि काही वर्षांनी परत फील्डवर गेलेले हवेत. नाहीतर नवं उपकरण येतं आणि मास्तर जुन्याच्या गप्पा मारतो, माझ्यासारखा.

आणि शेवटचं, खरेदीवाले कोणी बसले असतील तर, करारात वायरिंगची पूर्ण ड्रॉइंग मागा. बॉक्सच्या आतलं कंपनी देणार नाही, नको देऊ दे, पण दोन बॉक्सच्या मधली वायर कुठून कुठे जाते तेही जर गुपित असेल तर मी वर्गात शिकवू काय? हो हो, थांबतो. माईक मागच्या रांगेत द्या, ते मघापासून हात वर करून बसलेत.