शेवटच्या शिट्टीनंतरची गाडी

[दृश्य: फातोर्ड्याच्या मैदानाचे दिवे. रिकाम्या होत चाललेल्या पायऱ्या.]

२० डिसेंबर २०१५. मडगावातल्या फातोर्ड्याचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना. सामना संपायला आला होता, एफसी गोवा २-१ ने पुढे होता, आणि शेजारी माझा मावसभाऊ उभ्यानेच देवाचं नाव घेत होता. तेवढ्यात चेन्नईयनच्या खात्यात दोन गोल जमा झाले. ३-२. पायऱ्या उतरताना कुणी कुणाशी बोलेना.

आम्ही गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याचे. मडगावला आलो ते दुपारच्या गाडीने. परतीला काहीच नव्हतं. कोकणकन्या संध्याकाळीच निघून जाते, सामना सुरू व्हायच्याही आधी. बस चुकली. टॅक्सीचं भाडं परवडेना. पायलट, म्हणजे आमच्याकडचे दुचाकी टॅक्सीवाले, एवढ्या रात्री पेडण्यापर्यंत कोण येणार? गाड्यावरचं रोस ऑम्लेट खाल्लं आणि रात्र मडगाव स्थानकाच्या बाकावर काढली. समोरचा फलाट मोकळा होता. रूळ मोकळे होते. तिथे एक गाडी उभी असती तर काय झालं असतं, हा विचार त्या रात्री डोक्यात शिरला तो आजवर निघालेला नाही.

[दृश्य: मडगाव जंक्शन, पहाट. झाडू मारण्याचा आवाज.]

सामन्यासाठी आख्खी गाडी ठरवायची, ही कल्पना जुनी आहे. १८४१ साली इंग्लंडमध्ये थॉमस कुकने लेस्टरहून लाफबरोला एक गाडी ठरवून नेली. सुमारे पाचशे माणसं, भाडं एक शिलिंग. ती गाडी दारूबंदीच्या सभेसाठी होती. पण माणसं एकत्र करा, गाडी ठरवा, सगळ्यांना एकदम न्या आणि एकदम परत आणा, हा हिशेब पुढे फुटबॉलवाल्यांनीही उचलला. तिकडे ‘फुटबॉल स्पेशल’ हा शब्दच रूढ झाला. १९७३ मध्ये ‘लीग लायनर’ नावाची खास गाडी निघाली, तिच्यात नाचगाण्यासाठी वेगळा डबा होता. एरवी मात्र या कामाला जुने, झिजलेले डबे लावत, कारण पराभूत संघाचे पाठीराखे परतीच्या वाटेवर राग डब्यांवर काढत. अमेरिकेत फिलाडेल्फियाला लष्कर आणि नौदल यांच्यातला सामना व्हायचा, तेव्हा पेनसिल्व्हेनिया रेलरोड डझनावारी गाड्या मैदानाशेजारच्या मालयार्डात ओळीने उभ्या करून ठेवायची. सामना संपला की माणसं चालत गाडीत.

त्यातलं ‘उभ्या करून ठेवायची’ हेच महत्त्वाचं. माणसं नेणं सोपं आहे. सामना साडेसातला सुरू होतो, त्यामुळे गाडी साडेपाचला पोचली काय आणि सहाला काय, फारसं बिघडत नाही. परतीला मात्र गाडी थांबायला हवी, आणि किती थांबायचं हे आधी कुणालाच सांगता येत नाही. १४ ऑक्टोबर २०२३ ला अहमदाबादला भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना होता. पश्चिम रेल्वेने मुंबईहून विशेष गाडी सोडली आणि तिची परतीची वेळ पहाटेची ठेवली. सामना कितीही लांबला तरी हरकत नव्हती. ती गाडी रेल्वेने स्वतःच्या जबाबदारीवर काढली होती, तिकिटं खपोत वा न खपोत. चार्टरमध्ये, म्हणजे आख्खी गाडी आपण ठरवली की, ही जबाबदारी गाडी ठरवणाऱ्याच्या गळ्यात येते.

[दृश्य: कागदांवर आकडेमोड करणारा हात.]

आपल्याकडे आख्खी गाडी ठरवता येते, हे पुष्कळांना माहीतच नसतं. लग्नाची वऱ्हाडं आणि तीर्थयात्रा अशा गाड्यांनी जातात. रेल्वेच्या भाषेत याला फुल टॅरिफ रेट म्हणतात, बोलताना एफटीआर. अर्ज आयआरसीटीसीकडे करायचा, प्रवासाच्या किमान ३० दिवस आणि जास्तीत जास्त सहा महिने आधी. पूर्ण गाडी हवी तर किमान १८ डबे, त्यात सामान आणि गार्डचे दोन धरून. प्रत्येक डब्यामागे ५०,००० रुपये अनामत, म्हणजे १८ डब्यांचे नऊ लाख, भाडं वेगळं. रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची आख्खी रांग, दुसऱ्या ठिकाणाहून रिकामा आणावा लागला तर त्या रिकाम्या फेरीचे पैसे आपले. रेक मडगावला उभा राहिला तर थांबण्याचा आकारही आपलाच.

माणसांचा हिशेब करू. १६ स्लीपर डबे, प्रत्येकात ७२ जागा: ११५२ माणसं. सावंतवाडी, पेडणे, थिवी आणि करमळी मिळून साध्या साखळी सामन्याला एवढे लोक जमतील का? मला नाही वाटत. अंतिम सामन्याला जमतील, आणि वर उरतील.

कमी माणसांसाठी दुसरी वाट आहे. एखाद-दुसरा डबा घ्यायचा आणि तो नेहमीच्या गाडीला जोडायचा. स्वस्त पडतं. पण नेहमीची गाडी तिच्या वेळेला सुटते. पेनल्टी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही.

[दृश्य: एका स्थानकात लूप लाइनवर थांबलेली मालगाडी. शेजारून एक्सप्रेस धडधडत जाते.]

आता खरी अडचण. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे ७४० किलोमीटरच्या आसपास आहे आणि अजूनही बहुतांश एकेरी आहे. समोरून गाडी आली की एकीला स्थानकात बाजूला व्हावं लागतं. रेल्वेवाले याला क्रॉसिंग म्हणतात. विशेष गाडीला रुळावरचा एक ‘पाथ’ मिळतो, म्हणजे कुठल्या स्थानकातून किती वाजता जायचं याचा मोकळा पट्टा. तो चुकला की पुढचा कधी मिळेल, हे रात्रीच्या एक्सप्रेस आणि मालगाड्या ठरवतात. शिवाय लोको पायलट, म्हणजे इंजिन चालवणारा, आणि गार्ड (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) यांच्या ड्युटीचे तास मोजलेले असतात. गाडी तासभर उशिरा सुटली तर दुसरी माणसं तयार ठेवावी लागतात.

फातोर्ड्याचे अंतिम सामने तरी कुठे वेळेत संपतात! २०२२ मध्ये हैदराबाद आणि केरळा ब्लास्टर्स १-१ वर अडकले, जादा वेळ झाला, पेनल्टीवर हैदराबाद जिंकलं. २०२३ मध्ये एटीके मोहन बागान आणि बेंगळुरू २-२, पुन्हा पेनल्टी. पाथ मागणाऱ्याने नव्वद मिनिटं धरून चालणारच नाही.

२०२२ चा तो दिवस मला वेगळ्या कारणासाठी आठवतो. कोविडमुळे दोन मोसम सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर झाले होते. अंतिम सामन्याला पहिल्यांदा दारं उघडली आणि केरळातून पिवळ्या जर्सीतली माणसं लोटली. मिळेल त्या वाहनाने आली. दोन तरुण दुचाकीवरून निघाले होते. कासरगोड जिल्ह्यात रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. सामना संध्याकाळी व्हायचा होता. मलप्पुरमची ती पोरं इथवर पोचलीच नाहीत. तेव्हापासून सामन्याच्या गाडीची गोष्ट निघाली की मला मौज सुचत नाही. रात्री झोप न घेता शेकडो किलोमीटर गाडी हाकणारी विशीतली पोरं दिसतात.

[दृश्य: माजोर्ड्याजवळचा फाटा. एक रूळ वास्कोकडे, दुसरा करमळीकडे.]

गोव्याच्या आतलं म्हणाल तर आपल्याकडे रूळ बरे आहेत. मडगावहून एक वाट वास्कोला, एक सावर्डे-कुळ्याला, एक करमळी-थिवी-पेडण्याला. वास्को-कुळे ही जुनी वाट दक्षिण पश्चिम रेल्वेची, उत्तरेची वाट कोकण रेल्वेची. दोन यंत्रणा, म्हणून परवानग्याही दोन. डिचोली, सत्तरी, फोंडा यांना स्थानकच नाही, त्यांची सोय बसनेच होणार. पण वास्को आणि कुडचड्याच्या पोरांना सामन्यानंतर एक छोटी डेमू, म्हणजे डिझेलवरची लोकल, मिळाली, तर बारा वाजायच्या आत घरी पोचतील.

स्थानक ते मैदान हे तीन-चार किलोमीटरही धरायला हवेत. हजार माणसं रात्री एकदम रस्त्यावर आली तर रिक्षा पुरणार नाहीत. वीस-पंचवीस बसगाड्या मैदानाच्या दाराशी उभ्या हव्यात, आणि शेवटची बस पोचल्याचं गार्डला फोनवर कळवायला एक माणूस. पाणी भरणं, डबे झाडणं, फलाटावर पोलीस, डब्यात एक डॉक्टर. मडगावच्या यार्डात जागा नसेल तर रेक वेर्ण्याला नेऊन ठेवता येईल का, हेही विचारावं लागेल. तिथे मालट्रक चढवायच्या रो-रो गाड्या १९९९ पासून येतात.

[दृश्य: तोच मावसभाऊ, आता पन्नाशीचा, मडगावच्या त्याच बाकावर.]

मी आणि माझा मावसभाऊ, आम्ही दोघांनी एक कागद तयार केला आहे. सावंतवाडी, मडुरे, पेडणे, थिवी, करमळी, मडगाव. जाण्याच्या सगळ्या वेळा एकेक. येताना मडगावहून सुटण्याच्या रकान्यात मात्र दोन वेळा आहेत: साडेदहा, आणि पेनल्टी झाल्या तर साडेअकरा.