कोंबडी-वड्यांचा बेत आहे? मग आधी सोलकढी सांभाळा

नमस्कार मंडळी! गटारी तोंडावर आलीय, म्हणजे कोकणात घरोघरी कोंबडी-वड्यांचा बेत ठरलेला. रेसिपी आज सांगणार नाही. मालवणी मसाला किती घालायचा यावर प्रत्येक घराचं आपलं म्हणणं असतं, त्या वादात मी पडत नाही. आज बोलूया कोंबडी टोपात पडायच्या आधी काय होतं आणि टोप उतरवल्यावर काय होतं, त्याबद्दल.

कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर असे जंतू असू शकतात. अगदी तुमच्यासमोर कापून घेतलेली असली तरी. धडधाकट कोंबडीच्या आतड्यातही ते राहतात आणि साफ करताना मांसाला लागतात. आता तुम्ही म्हणाल, रस्सा रटरटून उकळला की मरतात ना? मरतात. म्हणूनच मला ताटातल्या कोंबडीपेक्षा शेजारच्या वाटीतल्या सोलकढीची जास्त काळजी वाटते. वाटपाचं खोबरं आपण भाजतो, वर ते रश्शात उकळतं. सोलकढीचं तसं नाही. ओल्या नारळाचा रस, लसूण, मिरची, आगळ म्हणजे कोकमाचा रस, सगळं कच्चं. तिच्यात जे जाईल ते थेट पोटात. आणि आगळाच्या आंबटपणाने जंतू मरतील, या भरवशावर राहू नका.

(विळी कॅमेऱ्यासमोर धरून)

ही विळी बघा. पात्यावर कोंबडीचे तुकडे केले, वरवर पाणी मारलं आणि त्याच विळीवर नारळ खवायला बसलो. हे, इथे बघा, पातं पाटाला जिथे बसवलंय ती फट. रक्तपाणी इथे उतरतं. खवणीच्या दात्यांत अडकतं. पाटाचं लाकूड ते पिऊन घेतं. यावर सोपा उपाय म्हणजे क्रम बदलायचा. नारळ आधी खवून घ्या, कांदा-लिंबू-कोथिंबीर आधी चिरून झाकून ठेवा आणि कोंबडी सगळ्यात शेवटी हातात घ्या. मग विळी गरम पाण्याने, साबण लावून, ब्रशने घासायची आणि कोरडी करायची.

आता वादाचा विषय, कोंबडी धुणं. माझी आजी ऐकेल तर म्हणेल, "गे बाय, न धुता कोंबडी टोपात घालतस?" पण नळाखाली धरून धुतली की बारीक शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, शेजारी निथळत ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. जंतू मरत नाहीत, फक्त पसरतात. पिसं, हाडाचा चुरा लागलेला असेल तर हाताने काढा, ओल्या कागदाने पुसा. आणि धुतल्याशिवाय मन मानतच नसेल, तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने बुडवून काढा, ते पाणी अलगद ओता आणि मग सिंक, नळ, ओटा साबणाने धुवा. नळाची चावी विसरू नका. कोंबडीच्या हाताने ती उघडतो, हात धुतो आणि परत त्याच चावीला हात लावतो! त्यापेक्षा कोणाला तरी तांब्याने पाणी घालायला सांगा. हात साबणाने 20 सेकंद चोळा. मसाल्याचा डबा आणि मोबाईल त्यानंतर.

मुरवत ठेवायची असेल तर फ्रीजमध्येच, झाकण लावून, सगळ्यात खालच्या कप्प्यात. वर ठेवली तर पाणी गळणार, आणि खाली असणार सोलकढीचं भांडं.

शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नका. कोवळ्या ब्रॉयलरचं हाडाजवळचं मांस पूर्ण शिजूनही कधी कधी गुलाबी दिसतं. जाड तुकड्याच्या मधोमध 74 अंश सेल्सिअस व्हायला हवं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता खुपसून बघा. गावठी कोंबडा तासभर शिजतोच, त्याची चिंता नाही. फसतो तो तव्यावरचा मोठा लेगपीस आणि बर्फ पुरता न वितळलेलं चिकन. बाहेरून खरपूस, आत कच्चं. फ्रोझन चिकन आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नको.

आता उरलेला रस्सा. दुसऱ्या दिवशी घावण्यांबरोबर तो जास्त लागतो, कबूल. पण भरलेला टोप रात्रभर ओट्यावर ठेवायचा आणि सकाळी उकळी काढायची, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा एक जंतू आहे. त्याचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातली त्याची झोपलेली रूपं, उकळीतही टिकतात आणि मोठा टोप हळूहळू निवत असताना कोमट रश्शात त्यांतून जंतू भराभर वाढतात. काही दुसरे जंतू असं विष सोडतात, जे सकाळच्या उकळीनेही जात नाही. वास येईलच असंही नाही. म्हणून रस्सा पसरट, लहान भांड्यांत काढा, ती पाण्याच्या परातीत ठेवून निववा आणि 2 तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. मे महिन्यात पारा 32 च्या वर असेल तर 1 तासातच. 3-4 दिवसांत संपवा, आणि लागेल तेवढाच काढून चांगला उकळून घ्या.

पावसात लाईट गेली तर? फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज साधारण 4 तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीजर 48 तास, अर्धा भरलेला 24. लाईट 4 तासांपेक्षा जास्त वेळ गेली असेल, तर फ्रीजमधलं चिकन चाखून बघत बसू नका. सरळ टाकून द्या.