गडव्याचं तोंड

[दृश्य: वर्धा जिल्ह्यातलं एक गाव. सकाळ. ओसरीवर उघडी वही.]

दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठाला नारळाचं झाड. वही सातवीतल्या मुलीची. तिच्या दारातून नजर जाईल तिथवर सपाट काळं रान आहे, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तूर. नारळ तिनं देवळात फुटतानाच पाहिलाय. तरी ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की हात हेच काढतो; हे चित्र वहीतून वहीत उतरत आलंय.

“सर, मग काय काढू जी?”

सरांनी तिला घरून गडवा आणायला सांगितला. रोजचा, पाणी प्यायचा तांब्या.

[दृश्य: गडवा जमिनीवर, मग स्टुलावर, मग डोळ्यांसमोर.]

पायाशी ठेवला तर गडव्याचं तोंड जवळजवळ गोल दिसतं. स्टुलावर ते चपटं होतं. डोळ्यांच्या रेषेत धरलं की नुसती आडवी रेघ उरते. तोंड गोल असतं हे ठाऊक असल्यानं हात गोलाकडेच धावतो; तेव्हा डोळ्याचं ऐकायचं. आता बुडाकडे पाहा. ते नजरेच्या आणखी खाली, म्हणून त्याची कड तोंडापेक्षा जास्त गोलावते. पुष्कळ मुलं तिथं सरळ रेघ मारतात, आणि गडवा जमिनीवर बसल्यासारखा वाटतच नाही. एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेत वस्तुचित्राचा स्वतंत्र पेपर असतो. त्याची खरी तयारी अशी घरातच होते, असं मला मनापासून वाटतं.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहिलं की पऱ्हाटीच्या समांतर ओळी दूर जाता जाता एकमेकींजवळ येतात, पार क्षितिजावर एका बिंदूत मिळतात. खाली बसलं की क्षितिजही आपल्याबरोबर खाली येतं. हेच यथादर्शन.

बैल मात्र अवघड. तो शेपटी हलवतो, मान फिरवतो. म्हणून आधी पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घ्यायचा: धड म्हणजे आडवं पिंप, पाय म्हणजे चार खुंट्या. मग गोठ्यात जायचं. तिथं पायांऐवजी पायांमधली मोकळी जागा काढायची. तिचा आकार साधला की पाय जागेवर येतात. बैल हलला तर चित्र अर्धं सोडून बाजूला दुसरं सुरू करायचं. तिच्या एका पानावर असे अकरा अर्धे बैल आहेत.

[दृश्य: वहीचं ताजं पान.]

आणि ही आजी, कापसाच्या वाती वळताना. बोटं चारदा खोडलीत, अंगठा अजून लांबच आहे.

“पोरी, मले हालू देशील का आता?”