पत्र्यावर दगड का ठेवतात, आणि म्युनिकच्या छतावर का ठेवावे लागले नाहीत

[खोलीत 4 मीटर दोरी ताणलेली. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं दाराच्या कडीला. मधोमध पाण्याची बाटली.]

नमस्कार मंडळी. कपडे वाळत घालायची ही साधी दोरी, आणि मधोमध लटकलेली 2 लिटरची बाटली, म्हणजे 2 किलो वजन. दोरी मध्यावर 20 सेंटीमीटर खाली आलीय. आता सांगा, दोरीत ओढ किती असेल? वजन 2 किलोचं, तर दोन बाजूंना एकेक किलो?

नाही. 10 किलो. दोरी आणखी ताणून झोळ 5 सेंटीमीटरवर आणला, तर 40 किलो. एक सेंटीमीटरवर आणायचा म्हटलं, तर 200 किलो. इंजिनिअर मंडळी, न्यूटनमध्ये सांगायला हवं हे मला माहीत आहे, पण बाटली किलोत आहे. आणि झोळ शून्य? कडी चौकटीतून उपटून येईल, दोरी सरळ होणार नाही. म्हणूनच तुमच्या गॅलरीतली दोरी कितीही ताणा, ओला टॉवेल टाकला की खाली येतेच. दोरीला भार घ्यायचा तर तिला वाक लागतो. वाक नाकारलात की ती त्याची किंमत ओढीत वसूल करते.

एवढी गोष्ट डोक्यात ठेवा.

[फोटो: कोकणातलं घर, पत्र्यावर ठेवलेले दगड.]

आता पत्र्यावरचे दगड. हे कशाला ठेवतात ते सगळ्यांना माहीत आहे, वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून. वारा छतावरून जाताना बऱ्याचदा त्याला वर खेचतो. कौलांचं किंवा स्लॅबचं छत स्वतःच्या वजनाने बसून राहतं, पत्रा हलका, म्हणून त्याला वरून वजन द्यावं लागतं. म्हणजे छताला दोन्हीकडून सांभाळायचं असतं. वरून पाऊस नाहीतर बर्फ दाबणार, खालून वारा उचलणार. दोरी एकाच दिशेचा भार घेते, उलट ढकललं की ती लुळी पडते. मग दोऱ्यांचं, कापडाचं छत उभं राहणार तरी कसं?

[हातात जुन्या बनियनचा चौकोनी तुकडा.]

हा माझा जुना बनियन. हसू नका, पुढे बघा. चारही कोपरे एका पातळीत ताणून धरले, की सपाट. मध्ये बोट ठेवलं, की लगेच खड्डा. आता समोरासमोरचे दोन कोपरे वर घेतो आणि उरलेले दोन खाली ओढतो. झालं घोड्याचं खोगीर. जवळून बघा. उंच कोपऱ्यांमधले धागे झोळीसारखे खाली वाकलेत, खालच्या कोपऱ्यांमधले कमानीसारखे वर. वरून दाबलं तर झोळीचे धागे भार घेतात. खालून उचललं तर कमानीचे धागे धरून ठेवतात. आणि दोघं एकमेकांना आधीपासूनच ओढून बसलेत, त्यामुळे बोटाला पहिल्या क्षणापासून विरोध जाणवतो.

पत्र्यावरच्या दगडाचं काम इथे ही ओढ करते. वजनाऐवजी ताण. आजचा सगळा विषय या दोन शब्दांत आहे.

[नकाशा: रॅले, अमेरिका.]

हे मोठ्या इमारतीत आणणाऱ्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक मॅथ्यू नोवित्स्की. पोलिश वास्तुविशारद, अमेरिकेत स्थायिक. रॅलेच्या अरेनासाठी, म्हणजे खेळांच्या आणि प्रदर्शनांच्या मोठ्या सभागृहासाठी, त्याने काँक्रीटच्या दोन कमानी एकमेकींवर तिरप्या झुकवल्या आणि मधे पोलादी दोरांचं खोगीर ताणलं. पण ते पुरं झालेलं त्याला दिसलं नाही. नव्या चंदीगडच्या आराखड्यावर काम करून भारतातून परतताना 1950 च्या ऑगस्टमध्ये इजिप्तमधल्या विमान अपघातात तो गेला. अरेना 1952 मध्ये उभी राहिली.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये फ्रेड सेव्हरुड या इंजिनिअरच्या ऑफिसात पंचविशीतल्या एका जर्मन विद्यार्थ्याने या छताची रेखाटनं पाहिली. त्याचं नाव फ्राय ऑटो. लहानपणापासून ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा नाद, म्हणजे हलक्या सांगाड्यावर ताणलेलं कापड त्याच्या ओळखीचं. युद्धात लढाऊ विमानाचा पायलट, नंतर फ्रान्समध्ये शार्त्रला युद्धकैदी. छावणीत बांधकामाची जबाबदारी अंगावर आली, आणि सामान जवळजवळ नव्हतंच. थोडक्यात भागवायची सवय तिथली.

पुढे त्याने साबणाचं पाणी घेतलं. तारेची वाकडीतिकडी चौकट त्यात बुडवून बाहेर काढली, की तिच्यावर पापुद्रा धरतो.

[तारेची चौकट साबणाच्या पाण्यातून बाहेर. कॅमेरा अगदी जवळ.]

श्वास सांभाळून... हा. या पापुद्र्यावर कुठेही, कुठल्याही दिशेला ओढ सारखीच असते. त्या चौकटीत बसणारा कमीत कमी क्षेत्रफळाचा आकार तो आपसूक घेतो. कुणी काढलेला नाही, कुणी ठरवलेला नाही. ताणलेल्या छताला नेमकं हेच हवं, कुठे जास्त ओढ नको आणि कुठे सुरकुती नको. ऑटो हे पापुद्रे फोटोत पकडायचा आणि मोजायचा. 1964 पासून श्टुटगार्टला त्याची हलक्या रचनांची संस्थाच होती. एरवी वास्तुविशारद आकार काढतो आणि इंजिनिअर तो उभा करतो. इथे तुम्ही फक्त कडा आणि टोकं ठरवायची, मधला आकार शोधायचा. मला विचाराल तर ऑटोचा खरा मोठेपणा इथे आहे, तंबूंच्या देखणेपणात नव्हे.

गेलं... फुटला पापुद्रा.

[फोटो: म्युनिक ऑलिंपिक पार्क.]

आता म्युनिक. 1972 च्या ऑलिंपिकच्या बांधकामासाठी वास्तुविशारद ग्युंटर बेनिश यांच्या ऑफिसने 1967 ची आराखड्यांची स्पर्धा जिंकली. त्यांच्या मॉडेलमध्ये छत म्हणून काड्यांवर बायकांचे पातळ पायमोजे ताणले होते, असं सांगतात. माझ्या बनियनवर हसलेल्यांनी नोंद घ्यावी. बक्षीस मिळालं आणि मग प्रश्न पडला, हे बांधायचं कसं? त्याच वर्षी माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो आणि रोल्फ गुटब्रोट यांनी जर्मनीचा मंडप तारांच्या जाळ्याने उभा केला होता, म्हणून ऑटोला बोलावलं. पण तो मंडप तात्पुरता. इथे एकूण छत सुमारे 75 हजार चौरस मीटर, म्हणजे साडेअठरा एकर, आणि तेही कायमचं.

जाळं 75 सेंटीमीटरच्या चौकोनांचं. सगळे चौकोन सारखे, आणि गंमत इथेच आहे. कोळ्याचं जाळं किनाऱ्यावर पसरलं की सपाट असतं. खांद्यावर टाकलं की खांद्याचा आकार घेतं, कारण चौकोन कलून शंकरपाळ्यासारखे होतात. म्युनिकला तेच. पोलादी तारा जिथे एकमेकींवरून जातात तिथे एकेक बोल्ट, जो सरकू देत नाही पण फिरू देतो. जाळं जमिनीवर अंथरून जोडायचं, मग खांबांवर उचलायचं आणि कडांना ओढायचं. चौकोन कलतात आणि खोगीर तयार होतं. सर्वात उंच खांब सुमारे 80 मीटर.

अडचण आली मोजमापात. मॉडेल 1:125 चं, म्हणजे मॉडेलवरची एक मिलिमीटरची चूक जागेवर साडेबारा सेंटीमीटरची. कापडाला ते चालून गेलं असतं. पोलादी तार मात्र पूर्ण ताणली तरी हजारात एक-दोन भागच लांबते, म्हणजे 10 मीटरची तार एखाद-दोन सेंटीमीटर. तेवढीच ती आखूड कापली गेली तर ओढ दुप्पट, लांब कापली गेली तर तार ढिली. मॉडेल मोजून कापणं शक्यच नव्हतं. मग श्टुटगार्टमध्येच क्लाउस लिंकविट्झ आणि हान्स-योर्ग शेक, आणि दुसरीकडे जॉन आर्गिरिस, यांनी संगणकावर जाळ्याचा तोल मांडला. लिंकविट्झ आणि शेक यांची युक्ती सुंदर आहे. प्रत्येक तारेतली ओढ भागिले तिची लांबी, हा आकडा आधीच ठरवून टाकायचा. असं केलं की एरवी डोकं फिरवणारी समीकरणं साधी एकरेषीय होतात आणि आकार एका फटक्यात मिळतो. ही पद्धत आजही वापरात आहे.

छतावर कापड घालता आलं असतं, पण टीव्हीवाले अडले. रंगीत प्रक्षेपण तेव्हा नवं होतं. अर्ध्या मैदानावर छताची गडद सावली आणि अर्ध्यावर ऊन, हे त्या कॅमेऱ्यांना झेपेना. म्हणून पारदर्शक ॲक्रिलिकचे साधारण 3 मीटर बाजूचे पत्रे, मधल्या फटीत रबरी पट्ट्या. लांबून पाहणाऱ्याला जाळ्यापेक्षा हे चौकोनच जास्त दिसतात, आणि त्यामुळे छत जरा जड वाटतं. ऑटोच्या मूळ हलकेपणाला तिथे थोडा धक्का बसलाच.

दुसरा धक्का जमिनीखाली. सुरुवातीची दोरी आठवा. जाळ्याची ओढ शेवटी कुठेतरी जायला हवी. स्टेडियमच्या आतल्या कडेने खांबांविना जाणारा जाडजूड दोर सुमारे 440 मीटर लांब, त्यातली ओढ हजारो टनांत. ती धरायला दोन्ही टोकांना काँक्रीटचे प्रचंड पाये. छत हलकं, पण त्याला धरून ठेवणारं जमिनीतलं बांधकाम अजिबात हलकं नाही. खर्च अंदाजाच्या कित्येक पट गेला आणि त्यावर तेव्हा भरपूर टीकाही झाली. हलकी रचना म्हणजे स्वस्त रचना, असं कुणी सांगितलं तर आधी पाया किती पडेल ते विचारा.

कापडाने हेच काम सौदी अरेबियात, जेद्दाह विमानतळाच्या हज टर्मिनलवर केलं. ढाक्याला जन्मलेले फझलुर खान त्याच्या इंजिनिअरांत होते. 1981 सालचं काम, 45 मीटर बाजूचे 210 तंबू, टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचतंतूंचं कापड. पांढरं कापड ऊन परतवतं, आणि गरम हवा तंबूच्या शेंड्यातून निघून जाते.

[कॅमेरा बाहेर, सोसायटीचं पार्किंग.]

आणि ही आमच्या सोसायटीची टेन्साइल शेड, पॉलिएस्टरवर पीव्हीसीचा लेप दिलेल्या कापडाची. पहिल्यांदा लावली तेव्हा चारही कोपरे एका उंचीवर. का? तर वरच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीआड नको यायला. लावणाऱ्याने मान डोलावली आणि सपाट कापड ताणून दिलं. बनियन सपाट धरल्यावर काय झालं, ते तुम्ही पाहिलंत. जुलैमध्ये मध्यावर थोडं पाणी साचलं. साचलं म्हणून कापड खाली आलं, खाली आलं म्हणून आणखी पाणी जमलं. गणपतीच्या मांडवात ताडपत्रीचं पोट सुटतं ना, तस्संच. आमचे वॉचमनकाका दर तासाला बांबूने पोट उचलायचे आणि एक बादलीभर पाणी कुणाच्या तरी स्कूटरवर पडायचं. एका रात्री कोपऱ्याची प्लेट वेल्डिंगपासून सुटली.

दुसऱ्या वेळी आम्ही दोन कोपरे सव्वा मीटर उंच घेतले. खिडकीवाल्या काकूंशी तीन मीटिंगा झाल्या, त्या इथे सांगत नाही. हे बघा, कोपऱ्याला टर्नबकल आहे. कापड काही महिन्यांत थोडं सैलावतं, तेव्हा हा पिळून ओढ परत आणायची. टिचकी मारतो, आवाज ऐका. ढोलकीसारखा येतोय ना? पावसाळ्याआधी हे एवढंच बघायचं.

काकांचा बांबू अजून तिथेच भिंतीला टेकवलेला आहे. आता तो फक्त कैऱ्या पाडायला निघतो.