किती मिलिमीटर? आधी किती मीटर ते सांगा

व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच तिघांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला: लांबचे फोटो काढायला लेन्स ४०० मि.मी.ची घेऊ की ६०० ची? मी तिघांनाही उलट विचारलं, कशाचा फोटो आणि किती लांबून? तिघेही हसले. त्यांना वाटलं, मी उत्तर टाळतोय. पण या उलट प्रश्नाशिवाय मला उत्तर देताच येत नाही.

एक तोंडी हिशेब करू. वस्तूच्या लांबीला तिच्या अंतराने भागा आणि फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सच्या त्या ४००-६०० मि.मी.च्या आकड्याने, गुणा. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चकतीवर, प्रतिमा केवढी उमटेल ते कळतं. एफ-१६ हे लढाऊ विमान साधारण १५ मीटर लांब. अमेरिकेतल्या एअर शोमध्ये सर्वांत वेगवान जेट विमानांच्या कसरती प्रेक्षकांपासून १५०० फूट, म्हणजे साधारण ४५७ मीटर लांब ठेवतात. ४०० मि.मी.च्या लेन्सने प्रतिमा येते १३ मि.मी. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, सेन्सर ३६ मि.मी. रुंद असतो, म्हणजे विमानाने फ्रेमचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग व्यापला. वाईट नाही. भोवती आकाशही हवंच की!

आता छोटा खंड्या घ्या. चोचीपासून शेपटीपर्यंत १६-१७ सेंटिमीटर. हाही सेन्सरवर तेवढाच, १३ मि.मी. हवा, आणि हातात ४०० नव्हे, ६०० ची लेन्स आहे. तरी तो किती जवळ बसायला हवा? साडेसात मीटर! अर्धा किलोमीटर लांबचं विमान ४०० मध्ये आणि एका खोलीच्या अंतरावरचा पक्षी ६०० मध्ये, दोघांची प्रतिमा सारखीच. हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा ‘अजून लांबची लेन्स हवी’ ही माझी भूक बरीच कमी झाली. पक्ष्यांच्या बाबतीत लेन्स वाढवण्यापेक्षा आडोशाला गप्प बसून राहणं जास्त कामाला येतं. अंतर निम्मं केलं की प्रतिमा दुप्पट होते, फुकटात.

क्रॉप, म्हणजे त्याहून लहान, सेन्सरवाल्यांची चुळबुळ मला दिसतेय. हो, तुमचा सेन्सर साधारण २३ मि.मी. रुंद, त्यामुळे तीच १३ मि.मी.ची प्रतिमा निम्म्याहून जास्त फ्रेम व्यापते. पण त्याने ४०० ची लेन्स ६०० ची होत नाही. प्रतिमा तेवढीच राहते, भोवतालचं चित्र कापलं जातं.

एअर शोमध्ये तुम्हाला पुढे सरकता येत नाही, कुंपण ठरलेलं असतं. पण विमान मात्र एका मिनिटात ठिपक्यापासून थेट डोक्यावर येतं. म्हणून तिथे मी लांबच्या टोकापेक्षा झूम लेन्सचं जवळचं, म्हणजे कमी मि.मी.चं, टोक आधी बघतो. एका शोला मी मोठ्या तोऱ्यात ५०० ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स घेऊन गेलो. नऊ विमानांचा ताफा आला आणि ऐन माथ्यावर फुटून नऊ दिशांना गेला. माझ्याकडे आहे एका विमानाचं शेपूट. शेजारी १००-४०० घेऊन उभ्या असलेल्या मुलाला अख्खं फूल मिळालं. त्यातून लांबच्या प्राइममध्ये विमान शोधणंच अवघड. ४०० मध्ये कर्णावर जेमतेम ६ अंशांचं आकाश दिसतं, ६०० मध्ये ४. झूम असेल तर १०० वर विमान पकडायचं आणि मग आत जायचं. झूमचं कडं मनगटाच्या एका वळणात या टोकापासून त्या टोकाला जातं का, हे दुकानातच फिरवून पाहा. दोनदा हात बदलावा लागला, तर तेवढ्यात विमान निघून जातं.

पंख्याच्या विमानांचे फोटो १/२००० सेकंदाच्या शटरला काढू नका. पंखा थिजतो आणि विमान धाग्याला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. १/२०० च्या आसपास या, हेलिकॉप्टरला आणखी खाली. एवढ्या संथ शटरला हात विमानासोबत वळवावा लागतो, म्हणून लेन्सच्या स्टॅबिलायझेशनला, म्हणजे हाताची थरथर रोखणाऱ्या सोयीला, अशा वळवण्याचा (पॅनिंगचा) वेगळा मोड आहे का ते पाहा. तो नसेल तर काही लेन्स तुमचं वळणंच थरथर समजून त्याच्याशी झगडतात.

जंगलात याच्या उलट, शटर वेगवान हवं. प्राणी बाहेर पडतात तेव्हा उजेड नसतो. एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त: एफ/४ वर १/१००० मिळत असेल तिथे एफ/६.३ वर १/४०० वर समाधान मानावं लागतं, नाहीतर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवावा लागतो. मग सगळे ६०० एफ/४ का घेत नाहीत? ६०० ला ४ ने भागा: १५० मि.मी. प्रकाश आत यायला तेवढं रुंद भोक लागतं, म्हणून पुढची काच थाळीएवढी होते. आजच्या हलक्यातल्या हलक्या ६०० एफ/४ लेन्सही ३ किलोच्या घरात आहेत. सोनीची २००-६०० किंवा सिग्माची हलकी १५०-६०० दोन किलोंच्या आसपास. निकॉनची ५०० एफ/५.६ पीएफ तर दीड किलोहून कमी, पण तिला झूम नाही. कॅननची ६०० एफ/११ एक किलोचीही नाही. भर उन्हात छान, पहाटे मात्र तिची दया येते. हे आकडे वाचून ठरवू नका. लेन्स भाड्याने आणा आणि दोन तास हातात धरून उभे राहा. दुसऱ्या तासाला खांदा काय म्हणतो ते ऐका.

एका गोष्टीवर कुठल्याच लेन्सकडे उपाय नाही: तापलेली हवा. दुपारी धावपट्टीवरून वाफा उठतात आणि लांबचं विमान पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. लोक दोष देतात फोकसला. लेन्स जितकी लांब, तितकी ती लहरही मोठी. अशा वेळी मी उंचावरच्या कसरतींची वाट बघतो किंवा सरळ सावलीत जाऊन बसतो.

लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून फोकल लेंग्थ वाढवणाऱ्या टेलिकन्व्हर्टरबद्दल थोडक्यात: १.४ पटीचा एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, खातो, दोन पटीचा दोन. एफ/६.३ चं एफ/९ झालं की पहाटेच्या उजेडात फोकस अडखळू लागतो. एफ/२.८ किंवा एफ/४ वाल्यांनी जरूर घ्यावा.

आता त्या तिघांचा प्रश्न. आज रात्री घरी जाऊन तुमचे आवडते पन्नास फोटो उघडा आणि प्रत्येक कुठल्या फोकल लेंग्थला काढलाय ते पाहा. फाइलमध्ये ते नोंदलेलं असतं. पन्नासपैकी चाळीस झूमच्या शेवटच्या टोकाला असतील आणि तरी कापून मोठे करावे लागले असतील, तर ६०० घ्या. आकडे विखुरलेले असतील तर १००-४०० पुरे. मी माझे पाहिले, तर सगळ्यांत आवडता फोटो २१० ला निघाला होता. ती ५०० ची प्राइम मी त्याच महिन्यात विकली.